पावण्याला किती अँपिअर?

वीज म्हणजे बटण दाबलं की येणारी आणि बिल आलं की जिच्या नावानं बोटं मोडायची ती, एवढीच माझी तिच्याशी ओळख होती. चाळिशी उलटल्यावर ही ओळख वाढवायची वेळ आली, कारण माझा नवरा विजेवर श्वास घ्यायला लागला.

त्यानं उभी हयात फाउंड्रीत काढली. आधी शिरोलीला, मग कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. वाळूचे साचे करायचे, ओतकाम झालं की ते फोडायचे, पुन्हा करायचे. ती वाळू नाकातोंडातून किती वर्षं आत जात होती याचा हिशोब कुणी ठेवला नाही. शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "ही फुफ्फुसं आता एकटी पुरी पडणार नाहीत, घरी मशीन ठेवावं लागेल." मशीन म्हणजे चाकं लावलेला एक गुडघाभर उंचीचा डबा. तो हवेतला ऑक्सिजन वेगळा करतो आणि नळीतून नाकात सोडतो. प्लगमध्ये वायर घातली की दिवसभर घरघर, आणि लाईट गेली की पीं पीं करून बंद. मग छोटा सिलिंडर लावायचा. तो भरून आणायचा म्हणजे कोल्हापूरला खेप, म्हणून तो आम्ही जपून वापरायचो.

गडमुडशिंगीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ते मशीन आलं आणि नवरा त्या खोलीचाच झाला. वर्षभर तो दवाखाना सोडला तर कुठं गेला नाही. माणूस मुळातच मागायला लाजणारा. तहान लागली तर तांब्याकडं बघत बसेल, पण पाणी दे म्हणणार नाही. जेवताना आमटी वाढू का विचारलं तर "असू दे." मला या "असू दे"चा फार राग यायचा आणि अजूनही येतो. असू दे म्हणजे काय असू दे? हवं की नको?

त्याच सुमारास त्याच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, घर बांधायला काढलं. अक्काचं गाव कागलच्या पुढं, निपाणीच्या अलीकडं. तिथं अर्धी माणसं मराठीत भांडतात आणि कन्नडमध्ये समजूत घालतात. अक्काचा नवरा केव्हाच गेलेला. तंबाखूच्या वखारीत कामाला जाऊन तिनं एकटीनं चार पैसे साठवले होते. फोनवर ती इतक्या मोठ्यानं बोलायची की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. ती नवऱ्याला म्हणाली, "म्हायेरचा आहेर तुझ्या हातनं आल्याबगर मी उंबरा वलांडत न्हाय. सांगून ठेवतो." आमच्या भागात बायका रागात आणि मायेत, दोन्हीकडं स्वतःला "सांगतो, ठेवतो" म्हणतात.

आता हे तिचं हट्टाचं बोलणं नव्हतं. आमच्या लोकांत नव्या घरात शिरताना बुद्धवंदना होते, पण त्याआधी भावानं आणलेलं लुगडं आणि भांडं घेऊनच बाई आत जाते. कुठल्या धर्मातून ही रीत आली आणि कुठल्या धर्मात राहिली, ते मला विचारू नका. ती आहे. आणि अक्काला भाऊ दोनच. धाकटा, म्हणजे माझे दीर, तेही जाणारच होते. पण अक्कानं थोरल्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिला त्याच्याच हातून हवं होतं.

नवरा फोन ठेवून म्हणाला, "तू आणि धाकटा जावा. माझं काय, असू दे."

मी त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली असतील.

दीर ट्रक आणि बसच्या बॉड्या बांधायचे. त्यांचा स्वतःचा छोटा वर्कशॉप होता. मी शाहूपुरीत एका ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात बुकिंगला होते, तिथून संध्याकाळी थेट त्यांच्याकडं गेले आणि विचारलं, "भावजी, खोलीला चाकं लावता येतात का?"

त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. कोपऱ्यात एक जुनी मॅटाडोर उभी होती, कुणा केटरिंगवाल्यानं टाकून दिलेली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "खोलीला न्हाय, पर चाकांवर खोली बसवता येती की."

अक्काच्या भिंती चढत होत्या आणि इकडं आमची गाडी सजत होती. आत प्लायवूड, त्यावर सनमायका, रेक्झिनची गादी असलेला एक बेड, मागच्या कोपऱ्यात पडदा लावून कमोड, एक पंखा, एक ट्यूब, चहापाण्याला छोटासा ओटा आणि मशीनला बसायला पट्ट्यानं आवळलेली जागा. नवऱ्याला चार पावलं टाकली तरी धाप लागायची, त्यामुळं तिकडं तीन दिवस राहायचं तर सगळं हाताशी हवं होतं. गाडीच्या बाहेरच्या अंगाला दिरांनी एक लोखंडी डबी बसवली. तिच्यात वायर जोडायची, वायरीचं दुसरं टोक ज्याच्या दारात उभं राहू त्याच्या घरात द्यायचं, की गाडीत उजेड. गल्लीत गाडी आली तेव्हा एका आजीनं मला विचारलं, "दवाखान्याची हाय का मतदानाची?" पोरं कुल्फी आहे का बघून गेली.

पहिल्या दिवशी आमच्याच घरातून वायर ओढली. मशीन लावलं, पंखा लावला, झकास चाललं. मला हुरूप आला. मी ओट्यावर बादली ठेवली, तिच्यात पाणी तापवायची कॉइल सोडली आणि बटण दाबलं. घरात आणि गाडीत एकदमच अंधार झाला, मशीन पीं पीं करायला लागलं, आणि नवरा आतून म्हणाला, "असू दे, गारच पाणी चालंल."

फ्यूज उडाला होता. दिरांनी बोर्ड उघडून मला तो चिनीमातीचा ठोकळा दाखवला. त्याच्यातली केसासारखी तार वितळून गेली होती.

"ही इतकी बारीक तार का घालता?" मी विचारलं. "जाड घाला की. उडणार नाही."

"वहिनी, उडावी म्हणूनच बारीक हाय ती. जाड घातली तर ती उडत न्हाय, भिंतीतली वायर जळती."

हे मला एकदम कळलं, कारण आमच्या ऑफिसात रोज हेच चालायचं. गाडीचं पासिंग नऊ टनाचं, मालक भरणार चौदा टन, आणि चाकांवरचे पाटे तुटले की रस्त्याला शिव्या. म्हणजे वायरीलाही पासिंग असतं. मला आयुष्यात पहिल्यांदा विजेबद्दल प्रश्न पडायला लागले आणि एकदा पडायला लागले ते थांबेनात. कॉइलीच्या मुठीवर पंधराशे वॅट लिहिलं होतं. त्याला दोनशे तीसनं, म्हणजे घरातल्या व्होल्टनं, भागा, साडेसहा येतात. ते अँपिअर. इस्त्री हजाराची, म्हणजे चारच्या वर. मिक्सर दोन. पंखा तर पाव पण नाही. आणि इतकी घरघर करणारं, माझ्या नवऱ्याला जिवंत ठेवणारं मशीन? त्याच्या पाठीवर चारशेचा आकडा होता. म्हणजे दोनसुद्धा नाहीत! मी दोनदा भागाकार केला. आंघोळीचं पाणी तापवायला जेवढी वीज लागते, तेवढ्यात तीन माणसांचा श्वास चालला असता. हे कळल्यावर मी किती वेळ त्या बादलीकडं बघत बसले होते.

मग मला नादच लागला. कुणाकडं गेलं की माझी नजर आधी बोर्डावर. हा पाचचा प्लग, हा जाड पिनांचा पंधराचा, इथं ठोकळ्यात तार घातलीय की खिळा? होय, खिळा! एका नातेवाइकांकडं मी फ्यूजच्या जागी चक्क खिळा बघितला आणि त्यांना तिथंच झापलं. नवरा म्हणायचा, "बायका दुसऱ्याच्या घरात गेल्या की सुनंची चौकशी करत्यात, तू फ्यूजची करतीस."

अक्काकडं थेट जाण्याआधी एकदा परक्याच्या दारात राहून बघावं असं ठरलं. पन्हाळ्याच्या वाटेवर दिरांच्या ओळखीचे एक शेतकरी होते, उसाचा मळा, दारात म्हशी, मोठं खटलं. सिलिंडर लावून नवऱ्याला तिथवर नेला. एवढ्या दिवसांनी रस्ता बघायला मिळाला म्हणून तो खिडकीला नाक लावून बसला होता, नळीसकट. रंकाळ्यावरून जाताना म्हणाला, "बांधकामं लई वाढल्यात." बस, एवढंच, पण त्याचा चेहरा असा उजळला होता की मी तोंड फिरवून बसले.

मळ्यावर पोचलो. मालक मोठ्या मिशांचे, मोठ्या आवाजाचे. "या पावणं, या!" चहा झाला. दीर वायरीचं वेटोळं घेऊन उतरले आणि मी माझा प्रश्न विचारला. "दादा, आम्ही तुमच्या लाईनवर किती लोड घेतला तर चालेल?"

त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. त्यांनी आधी दिराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हंजे काय वो ताई?"

"म्हणजे किती अँपिअर ओढायचे? तुमची वायर बारीक असेल तर..."

"आमच्याकडं लाईटीला काय कमी हाय?" त्यांचा आवाज चढला. "ओढा की बिनघोर! पावण्याला काय लाईट मोजून द्यायची असती?"

मला तेव्हा कळलं की मी काय करून बसले. जेवायला बसताना यजमानाला विचारावं की माझ्या किती भाकरी परवडतील तुम्हाला, तसं झालं होतं. परदेशात म्हणे अशा गाड्यांसाठी तळ असतात आणि तिथं खांबावरच लिहिलेलं असतं, इतके अँपिअर, याहून जास्त ओढलं तर बंद पडेल. कुणाला राग येत नाही. आमच्याकडं खांबावर काही लिहिलेलं नसतं, आणि विचारलं तर माणूस दुखावतो. वायरीला मर्यादा असते आणि पाहुणचाराला नसते, आणि दोन्ही एकाच प्लगमधून येतात. याच्यावर उपाय काय, हे मला कुठल्याच भागाकारात सापडेना.

आम्ही मशीन, पंखा आणि ट्यूब एवढंच लावलं. थोड्या वेळानं जळल्यासारखा वास आला. मी वास घेत घेत बाहेर आले. उरलेली वायर दिरांनी वेटोळं करून चाकाजवळ ठेवली होती. त्यात हात घातला तर ऊन भाकरीसारखी गरम. लोड थोडाच होता, पण वेढ्यांची उष्णता एकमेकांत अडकून बसली होती. वायर पसरली की गार. मला हे इतकं आवडलं की मी ते वेटोळं परत करून परत हात घालून बघितला. दीर म्हणाले, "वहिनी, खेळणं हाय व्हय ते?"

दुपारी थ्री फेज आली. त्या दिवसांत शेतीला थ्री फेज ठरावीक वेळेलाच मिळायची, आणि ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. गाडीतली ट्यूब फडफडायला लागली. मशीनच्या अलीकडं ठेवलेला स्टॅबिलायझर टकटक करत वर-खाली होऊ लागला. मी बसून ते बघत राहिले. कुणीतरी तीन मळे पलीकडं उसाला पाणी सोडलं होतं आणि इथं माझ्या नवऱ्याच्या नाकातली हवा कमी-जास्त होत होती. विजेच्या तारेनं आपण कुणाकुणाशी बांधलेलो असतो, याची मला कल्पनाच नव्हती.

संध्याकाळी यजमानांनी आमचा निरोप घेताना माझ्याकडं बघून विचारलं, "पुरली न्हवं लाईट?" मी म्हणाले, "उरली." तेव्हा कुठं त्यांच्या मिशा हलल्या.

अक्काची घरभरणी उन्हाळ्यात आली. आम्ही आदल्या दिवशी पोचलो. नवं घर गिलावा होऊन चकचकीत उभं होतं, दाराला निळा आणि केशरी रंग, पण मीटर अजून आलेलं नव्हतं. शेजारी अक्काच्या जुन्या खोलीतलं मीटर होतं, एक बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही जन्मभर सांभाळलेलं. त्याच्यावरून वायर नव्या घरात नेलेली, तिथून मांडवात, आणि आता आमच्या गाडीत. मी जुन्या खोलीत जाऊन बोर्ड बघितला. बारीक वायर, पोपडे धरलेली. सहा-सात अँपिअरच्या वर काही ती सोसणार नव्हती.

मळ्यावरचा धडा माझ्या लक्षात होता, म्हणून मी आडून विचारलं. "अक्का, उद्या काय काय लावणार या वायरीवर?"

पण अक्काला आडून बोललेलं चालत नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "का गं? माझ्या भावाला करंट मोजून देऊ व्हय? ह्या घरातलं सगळं त्येचंच हाय की!"

"तसं नाही अक्का..."

"गप बस. लई शाणी झालीस." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

नवरा गाडीतल्या बेडवर पडून हसत होता. रात्री... नाही, रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही, लोक दमून झोपले आणि मशीन सुखानं चाललं. सकाळचं सांगते.

सकाळी मांडव भरायला लागला. विहारातले बौद्धाचार्य आले, पांढऱ्या कपड्यातले, वयस्कर. भाऊबंद, गल्लीतली माणसं, वखारीतल्या बायका, निपाणीकडच्या पाहुण्या. मांडवात चार उभे पंखे, दोन कर्णे आणि ॲम्प्लिफायर. भीमगीतं सुरू झाली. मी मनात बेरीज करत होते. पंखे चार, म्हणजे एक अँपिअर. कर्णे आणि ॲम्प्लिफायर मिळून एक. आमचं मशीन पावणेदोन. चाललं असतं, अगदी आरामात चाललं असतं. पण स्वयंपाकाकडं कुणीतरी चहाच्या पाण्याला पिंपात कॉइल सोडली आणि त्याच वेळी हौदात पाणी चढवायला मोटार चालू केली. मोटार सुरू होताना चौपट खाते, हे मला दिरांनी शिकवलं होतं.

गाणं मधेच गचकलं. फ्यूज गेला. दिरांनी धावत जाऊन तार घातली. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा गेला. तिकडं उन्हं चढत होती, लोक पदरानं वारा घेत होते, वंदनेची वेळ झाली होती. तिसऱ्यांदा तार घालून झाल्यावर मी कॉइल शोधत स्वयंपाकाकडं निघाले, आणि तेवढ्यात कर्णेवाला वैतागून मोठ्यानं म्हणाला, "त्या गाडीतल्या मशीननं लोड हुतोय सगळा! एवढं दवाखान्याचं मशीन लावल्यावर फ्यूज ऱ्हाईल व्हय?"

तो गाडीच्या खिडकीजवळ उभा होता. त्याला दोष देत नाही. कॉइल पिंपात बुडालेली होती, मोटार हौदामागं होती, दिसत होतं ते फक्त घरघरणारं, अनोळखी मशीन. जे डोळ्यात भरतं त्याच्यावरच लोड टाकायची माणसांची सवय असते.

मी स्वयंपाकाकडं गेले. तिथल्या बाईला कॉइल काढायला लावली, ती म्हणाली, "चहाला उशीर झाला तर अक्का मला सोडंल काय?" तिच्याशी हुज्जत घातली. मग मोटार बंद करायला गेले तर तिथं हौद भरायला बसलेले आजोबा अर्धे बहिरे. सगळं उरकून परत आले तर गाणं छान चालू होतं, पंखे फिरत होते. मला वाटलं, जमलं. बरोबरच होता आपला भागाकार. जरा छाती पण फुगली माझी.

मग लक्षात आलं की गाडीतून घरघर येत नव्हती.

दार उघडलं. नवरा बेडवर बसला होता, आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, मांडीवर अक्काचं लुगडं आणि तांब्याचं पातेलं घेऊन. दोन्ही हात गुडघ्यावर टेकवलेले, खांदे वर-खाली, ओठ जांभळे. मशीनचं बटण बंद. सिलिंडर हाताशी होता, त्यालाही हात लावला नव्हता.

"बंद कुणी केलं?"

त्याला बोलता येईना. एक एक शब्द काढत म्हणाला, "अक्काचा... कारेक्रम हाय... माझ्यामुळं..." आणि मग, विश्वास ठेवा, "असू दे."

मी बटण दाबलं. नळी त्याच्या नाकात बसवली. ती दोनदा कानामागून निसटली. मला रडू येत होतं आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. पावणेदोन, मी ओरडले. पावणेदोन अँपिअर, अहो! सगळ्या मांडवात सगळ्यात कमी तुम्हीच खाताय!

कर्ण्याच्या आवाजात माझं ओरडणं बाहेर ऐकू जायला नको होतं, पण गेलं. अक्का दारात आली. आहेराचं लुगडं अजून मिळालेलं नव्हतं, ती जुन्यातच होती. तिनं भावाचे ओठ बघितले, माझ्याकडं बघितलं. मी एवढंच म्हणाले, "तुमचा कार्यक्रम बंद पडू नये म्हणून मशीन बंद करून बसलेत."

अक्का वळली. तिचा आवाज मी लग्नापासून ऐकत आले होते, पण असा नाही.

"बंद करा! सगळं बंद करा! कर्णा बंद, पंखं बंद, कायबी चालू ठेवायचं न्हाय! माझा भाऊ तिकडं मराय लागलाय आन् तुम्ही गाणी ऐकताय व्हय?"

कर्णा गप झाला. पंखे एक एक करून थांबले. जुन्या खोलीतला टीव्ही कुणी बघतसुद्धा नव्हतं, तोही कुणीतरी पळत जाऊन बंद केला. माझ्या हिशोबानं यातल्या कशाचीच गरज नव्हती. कॉइल आणि मोटार निघाल्यावर पंखे, कर्णा आणि मशीन सुखानं चाललं असतं, अगदी टीव्हीसकट. पण तिला भावाला अख्खी वायर द्यायची होती.

त्याचे ओठ पुन्हा ओठांसारखे दिसायला बराच वेळ गेला. कुणी उठून गेलं नाही. उन्हात, वाऱ्याशिवाय, दोनशे माणसं बसून होती, आणि सगळ्यांना ऐकू येत होती ती फक्त गाडीतली घरघर.

मशीनची नळी लांब होती. दिरांनी खुर्ची नव्या उंबऱ्यापाशी ठेवली आणि दोघांनी धरून नवऱ्याला तिथं बसवलं. नळी त्याच्या मागून अंगणातून गाडीत गेलेली, बायकांनी तिच्यावर पाय पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उभं राहून वाट केली. त्यानं लुगडं आणि पातेलं अक्काच्या हातात दिलं. अक्कानं ते कपाळाला लावलं, उंबरा ओलांडला, आत जाऊन नेसून आली, आणि येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली. माइक नव्हता. माइक असता तर नेहमीसारखं झालं असतं, कर्ण्याचा आवाज पुढं आणि बाकीचे त्याच्यामागं गडबडीनं. आता त्यांनी एक ओळ म्हटली, आणि लोकांनी ती म्हणायला सुरुवात केली. माझ्या नवऱ्यानंही हात जोडून सुरुवात केली आणि अर्ध्यात त्याचा दम संपला. तो थांबला. शांतता इतकी होती की तो थांबलेला सगळ्यांना ऐकू आला. बाजूच्या बायका थांबल्या. त्यांच्या मागची माणसं थांबली. बौद्धाचार्य पुढची ओळ घेणार होते, त्यांनी डोळे उघडून बघितलं आणि तेही थांबले. नवऱ्यानं श्वास घेतला, उरलेली ओळ म्हटली, आणि त्याच्याबरोबर सगळ्या मांडवानं म्हटली. दुसऱ्या ओळीला तो थांबला तिथंच सगळे थांबले. तिसऱ्या ओळीला कुणी सांगायची गरज राहिली नाही.

त्यानं एकदा मान वर करून सगळ्यांकडं बघितलं. मला भीती वाटली की तो आता हात हलवून चालू द्या म्हणेल. पण त्यानं खाली बसलेल्या अक्काच्या खांद्यावर हात ठेवला, सावकाश, पोटभर श्वास घेतला, आणि लोकांना थांबू दिलं.